नऊ वर्षांच्या मुलीला कार्टिंगसाठी हान्स घ्यावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी नऊ वर्षांची आहे. वर्षभर दर शनिवारी वडाळ्याला भाड्याची कार्ट चालवते, आता सुट्टीत कोल्हापूरला शिकायला पाठवायचं आहे आणि जमलं तर पुढच्या मोसमात स्पर्धेत उतरवायचं आहे. तुम्ही स्वतः वर्षातून एकदोनदा आपली हॅचबॅक घेऊन कोइमतूरच्या ट्रॅकवर जाता. दुबईचा एक मित्र वापरलेलं हान्स (धडकेत डोकं आणि मान आवरून धरणारं, खांद्यांवर बसणारं रेसिंगचं साधन) आणि त्यासोबत एक हेल्मेट स्वस्तात आणून देतोय. ते बापलेकीला मिळून चालेल का, की मुलीला गळ्याभोवतीची फोमची कॉलर पुरे, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं कार्ट आणि सलून कारच्या (म्हणजे रस्त्यावरच्या बंद गाड्यांच्या) स्पर्धांमध्ये स्क्रुटिनीचं काम करतोय, म्हणजे गाडी आणि चालकाची साधनं तपासून त्याला ट्रॅकवर सोडायचं की नाही हे ठरवायचं. त्या अनुभवावरून सांगतो: मुलीसाठी हान्स घेऊ नका. पैसे वाचवायचे म्हणून हे सांगत नाहीये. कार्टमध्ये ते काम करूच शकत नाही. तुमच्यासाठी त्याचा उपयोग होईल की नाही हे तुमच्या गाडीत कोणते पट्टे आहेत त्यावर ठरेल, त्याबद्दल पुढे लिहितो. मुलीच्या मानेसाठी सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ घालायचा तो हेल्मेटच्या वजनावर आणि मापावर. मित्राने आणलेल्या हेल्मेटबद्दल म्हणूनच मला हान्सपेक्षा जास्त काळजी वाटतेय.

आधी हान्स कशासाठी जन्माला आलं ते बघू, म्हणजे ते कार्टमध्ये का नको हे आपोआप कळेल. रेसिंग कारमधला चालक पाच-सहा पट्ट्यांनी सीटला जखडलेला असतो. गाडी समोरून भिंतीवर आदळली की धड पट्ट्यांमुळे जागच्या जागी थांबतं, पण डोक्याला कोणी धरलेलं नसतं. ते हेल्मेटसकट पुढे जात राहतं आणि त्याला मागे ओढून धरायला एकटी मान असते. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार किलो आणि हेल्मेट दीड किलो, म्हणजे सहा किलो. धक्का ५० जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास पट, असेल तर त्या क्षणापुरता मानेवरचा ताण ३०० किलो वजन टांगल्यासारखा होतो. मान तेवढं सोसत नाही आणि कवटीचा तळ जिथे मणक्यावर टेकतो तिथे हाड फुटतं. डोक्यावर बाहेरून एक ओरखडाही नसताना माणूस जातो. हेल्मेट कितीही महागाचं असलं तरी या दुखापतीपुढे त्याचं काही चालत नाही, उलट त्याचं वजन त्या ओढीत भरच घालतं.

अमेरिकेत १९८१ साली एका चालकाचा असा मृत्यू झाला तेव्हा त्याचा सहकारी रेसर जिम डाउनिंग याने आपल्या मेहुण्यांशी, डॉ. रॉबर्ट हबर्ड यांच्याशी हा विषय काढला. हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक होते आणि त्याआधी त्यांनी मोटार कंपनीत क्रॅश टेस्टच्या पुतळ्यांवर काम केलं होतं. त्यांनी खांद्यांवर बसणारं, मानेमागे उंच होणारं एक कडक जू बनवलं. जू दोन्ही खांद्यांवरच्या पट्ट्यांखाली दाबून राहतं आणि हेल्मेट दोन छोट्या दोऱ्यांनी त्याला जोडलेलं असतं. आता डोकं पुढे निघालं की ओढ मानेवर न येता दोऱ्यांतून जुवाकडे, जुवातून पट्ट्यांकडे आणि तिथून गाडीच्या सांगाड्याकडे जाते. इतकं सोपं असूनही लोकांनी ते वीस वर्षं मनावर घेतलं नाही. १९९४ साली इटलीत इमोलाच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा चालक रोलंड रॅट्झेनबर्गर गेला तो कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने. १८ फेब्रुवारी २००१ रोजी अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत नामवंत चालक डेल अर्नहार्ट गेला, तोही तसाच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती शर्यत भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेने असं साधन सक्तीचं केलं आणि २००३ पासून फॉर्म्युला वनने हान्सची सक्ती केली.

आता तुमच्या मुलीची कार्ट डोळ्यांपुढे आणा. तिच्यात पट्टा नाही आणि डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजराही नाही. कार्ट उलटली तर चालक तिच्याखाली चिरडला जाऊ नये, सुटून बाजूला पडावा, म्हणून स्पर्धेच्या कार्टमध्ये पट्टे मुद्दामच दिलेले नसतात. मग हान्सला खाली दाबून धरणार कोण? दोऱ्या ओढल्या गेल्या की ते जू खांद्यांवरून नुसतं उचललं जाईल. त्याहून वाईट म्हणजे मुलगी कार्टमधून फेकली गेली, तर मानेला बांधलेली ती कडक वस्तू कशावर तरी अडकेल. भाड्याच्या काही कार्टना कमरेचा पट्टा असतो, पण हान्सला दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टेच लागतात.

ती पुढे फॉर्म्युला कारमध्ये, म्हणजे उघड्या चाकांच्या, एकाच माणसाच्या रेसिंग गाडीत गेली की गणित बदलेल. आपल्या मुंबईचा जेहान दारुवाला फॉर्म्युला टूपर्यंत पोचला त्याची सुरुवातही कार्टमधूनच झाली. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर एलजीबी फॉर्म्युला ४ सारख्या गाडीत बसेल त्या दिवशी हान्स हवंच, आणि ते तेव्हाच्या तिच्या मापाचं हवं.

कार्टमध्ये मानेला दोन वेगळे त्रास असतात आणि ते वेगवेगळे समजून घ्यायला हवेत. पहिला रोजचा, वळणातला. चांगल्या टायरवर कार्ट वळणात दोन जीपर्यंत जोर देते. नऊ वर्षांच्या मुलाचं डोकं जवळजवळ मोठ्या माणसाएवढं झालेलं असतं, मान मात्र अजून बारीक असते. आईवडिलांच्या हे लक्षात येत नाही, कारण घरात ते जाणवत नाही. समजा बाराशे ग्रॅमच्या जागी तुम्ही सोळाशे ग्रॅमचं हेल्मेट दिलंत. फरक चारशे ग्रॅमचा, अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीपेक्षाही कमी. पण दोन जीच्या वळणात तो आठशे ग्रॅम होतो, एका फेरीत दहा-बारा वळणं असतात आणि एका सेशनमध्ये पंधरा फेऱ्या. टायरच्या भिंतीवर २० जीचा दणका बसला तर त्याच चारशे ग्रॅमचे आठ किलो होतात. भरलेलं दप्तर एका झटक्यात तिच्या मानेला बांधावं तसं.

हे थकणं डोळ्यांनी दिसतं. पाचसहा मिनिटं झाली की वळणात मुलाचं डोकं बाहेरच्या बाजूला कलायला लागतं, मग हनुवटी खाली जाते आणि नजर पुढच्या वळणाऐवजी बंपरवर येते. हे दिसलं की मी सेशन थांबवायला सांगतो, लॅप टाइम कितीही चांगले येत असले तरी. तुम्ही कठड्याशी उभे असाल तेव्हा घड्याळाआधी तिच्या हेल्मेटकडे बघा.

दुसरा त्रास अपघाताचा: मागून धडक, टायरच्या भिंतीवर आदळणं, किंवा उलटून डांबरावर पडणं. इथे हेल्मेट डोकं वाचवतं, पण ते डोक्यावर घट्ट बसलेलं असेल तरच. याबाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. बरीच वर्षं झाली. दहा वर्षांचा एक मुलगा मोठ्या भावाचं हेल्मेट घालून आला होता. आत प्रमाणपत्राचा स्टिकर होता, कवच नीट होतं, पट्टा चांगला होता. मी स्टिकर बघून सही केली. तिसऱ्या फेरीत तो टायरच्या भिंतीवर गेला. धडक साधीच होती, पण सैल हेल्मेट पुढे फिरलं, त्याची कड नाकाच्या हाडावर बसली आणि डोळे पूर्ण झाकले गेले. पोराला काहीच दिसेना, तो घाबरून कार्टमध्येच उभा राहिला आणि मागून दोन कार्ट येत होत्या. मार्शलने झेंडा हलवत धाव घेतली म्हणून निभावलं. तेव्हापासून मी हेल्मेट हाताने तपासल्याशिवाय कोणालाही सोडत नाही.

ती तपासणी तुम्ही घरीही करू शकता. भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, डोक्याच्या सगळ्यात मोठ्या घेराचं माप टेपने घ्या. त्या मापाचं हेल्मेट घालायला थोडं कठीणच गेलं पाहिजे. घातल्यावर गाल दाबले जाऊन ओठ किंचित पुढे यावेत. दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डावीकडे-उजवीकडे फिरवा: गालांची कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर बसलंय, नुसतं हेल्मेट फिरलं तर मोठं आहे. मग पट्टा बांधून हेल्मेटची मागची कड धरून वर आणि पुढे ओढा, जोर लावून. ते डोक्यावरून उतरत असेल किंवा डोळ्यांवर येत असेल तर ते परत करा. पट्ट्याखाली जेमतेम एक बोट जावं.

आपल्याकडे मुलांचं सगळं वाढत्या मापाचं घेतात. गणवेश, बूट, सायकल, सगळं पुढच्या वर्षी चालेल असं. मीही माझ्या मुलांचे गणवेश तसेच घेतलेत. पण हेल्मेटला हा हिशेब लावू नका. ते आजच्या डोक्याचंच घ्या. डोकं अंगासारखं भराभर वाढत नाही, त्यामुळे एक हेल्मेट बऱ्याचदा दोन-तीन वर्षं पुरतंही. आतून गालाच्या गाद्या बदलता येतात, पण मोठ्या कवचात जाड गाद्या घालून लहान डोकं बसवू नका. कवच मोठं राहिलं की वजनही मोठंच राहतं.

आता स्टिकरचं बघू. स्नेल ही अमेरिकेतली संस्था १९५७ साली स्थापन झाली, पीट स्नेल नावाचा रेसर हेल्मेट निकामी ठरून गेला त्याच्या पुढच्या वर्षी. तिच्या स्टिकरवरच्या अक्षरांना अर्थ असतो. एसए हे मोटार रेसिंगचं: आगीला टिकणारं अस्तर आणि पिंजऱ्याच्या नळीवर डोकं आपटण्याची चाचणी. के हे कार्टिंगचं: आघाताच्या चाचण्या त्याच, आगीची अट नाही. एम हे मोटरसायकलचं. आणि सीएमआर हे खास मुलांच्या रेसिंगचं, त्यात वजनावर मर्यादा असते. तुमच्या मुलीसाठी मी सीएमआर२०१६ शोधेन. भारतात सहज मिळत नाही आणि महाग पडतं, हे मला माहीत आहे. नाहीच मिळालं तर तिच्या मापाचं, हलकं, के मानकाचं घ्या आणि दुकानातच वजनकाट्यावर ठेवून बघा. स्टिकर आतल्या अस्तराखाली चिकटवलेला असतो. बाहेरच्या बाजूला नुसतं छापलेलं नाव दिसलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. मान्यता मिळालेल्या मॉडेलची यादी स्नेलच्या संकेतस्थळावर आहे, तिच्याशी ताडून बघा. स्पर्धेत उतरायचं ठरलं की एफएमएससीआयचा, म्हणजे भारतातल्या मोटार क्रीडा महासंघाचा, परवाना लागेल, तेव्हा त्या मोसमाच्या नियमांत कोणती मानकं चालतात ते वाचूनच पैसे घाला. मुलांच्या आणि मोठ्यांच्या गटांचे नियम वेगळे असू शकतात.

वडाळ्याच्या शनिवारसाठी मात्र एवढं सगळं लागणार नाही. भाड्याच्या कार्टचा वेग कमी असतो. तिथे मिळणाऱ्या सैल, घामट हेल्मेटपेक्षा तिच्या मापाचं, पूर्ण तोंड झाकणारं, आयएसआय मार्कचं दुचाकीचं हलकं हेल्मेट स्वतःचं नेलंत तर ते केव्हाही बरं. स्पर्धेत ते चालणार नाही.

मित्राचं वापरलेलं हेल्मेट मुलीलाही घेऊ नका आणि तुम्हालाही. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जो थर असतो तो आपटल्यावर एकदाच दबतो आणि दबलेलाच राहतो. बाहेरचा रंग शाबूत असला तरी आतला थर कामातून गेलेला असू शकतो आणि ते बाहेरून कोणालाच ओळखता येत नाही. मला नाही, मित्रालाही नाही. आखाती उन्हात गाडीच्या डिकीत ते किती उन्हाळे पडून होतं, तेही कळणार नाही. स्नेल पाच वर्षांनी हेल्मेट बदलायला सांगते. आपल्या मुंबईच्या दमट हवेत अस्तर त्याआधीच सडतं. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलं तर बुरशी धरते. प्रत्येक सेशननंतर आतली गादी पंख्याखाली वाळवा, डोक्यावर पातळ सुती टोपडं घालून मगच हेल्मेट घालू द्या, आणि रंग किंवा थिनर कवचाला लावू देऊ नका.

फोमच्या कॉलरबद्दल माझं मत बेताचं आहे. ती डोकं मागे झुकण्याला आणि बाजूला कलंडण्याला थोडा अडसर करते, थकलेल्या मानेला टेकू देते आणि हेल्मेटची कड गळ्याच्या हाडावर आपटू देत नाही. नवख्या मुलांना मी ती घालायला सांगतो. पण हान्सला एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचं ८८५८ हे मानक आहे तसं आघाताचं प्रमाणपत्र या फोमला नाही, त्यामुळे ती घातली म्हणजे मान सुरक्षित झाली असं समजू नका. जाड कॉलर लहान मानेवर हेल्मेटला वर ढकलते आणि नजर खाली झुकते, म्हणून ती घालून मुलीला दोन्ही खांद्यांवरून मागे बघायला लावा. मोटोक्रॉसमधून आलेले कडक चौकटीचे नेक ब्रेसही कार्टिंगमध्ये वापरतात. त्यात हेल्मेटची कड चौकटीवर टेकते आणि भार छाती-पाठीवर जातो. मोठ्या मुलांसाठी मला ते पटतात, पण सीटच्या कडेला आणि बरगड्यांच्या जाकिटाला ते अडत नाहीत ना, हे कार्टमध्ये बसवूनच ठरवावं लागतं.

बरगड्यांचं जाकीट आणि सीटचं माप यांचाही मानेशी संबंध आहे. मोठ्या सीटमध्ये मूल दोन्ही बाजूंना घसरतं, धड सावरण्यासाठी ते स्टिअरिंगला लटकतं आणि खांदे आखडले की मान लवकर दमते. कोल्हापूरला गेल्यावर पहिल्या दिवशी प्रशिक्षकांना सीटबद्दल विचारा. मानेच्या व्यायामासाठी हेल्मेटला वजनं बांधण्याचे व्हिडिओ फिरतात, ते तिच्या वयाला करू नका. पोहणं चांगलं. तळहाताने कपाळावर आणि कानांच्या वर हलका दाब देऊन डोकं सरळ धरायचं, पाच सेकंदं, हेही पुरेसं आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी मुलगी आहे म्हणून सांगतो: केस. हरयाणात पिंजौरला २०१९ साली आणि हैदराबादजवळ २०२० साली कार्टच्या फिरत्या भागात केस अडकून तरुण स्त्रियांचा जीव गेलाय. कार्टचा मागचा आस आणि इंजिन चालकाच्या पाठीशी उघडं असतं. वेणी घालून ती टोपड्यात गुंडाळा आणि टोपडं सूटच्या गळ्यात खोचा. ओढणी, स्कार्फ, हुडची दोरी, गळ्यातली साखळी, काही नको. हेल्मेटखालून एकही बट बाहेर दिसत असेल तर तिला कार्टमध्ये बसू देऊ नका, मागे रांग कितीही मोठी असो.

तुमच्या स्वतःच्या हॅचबॅकबद्दल. गाडीत कंपनीचा तीन-बिंदू पट्टाच असेल तर हान्स उपयोगाचं नाही, कारण तो एकाच खांद्यावरून जातो. म्हणून लगेच बाजारातून चार बिंदूंचा हार्नेस आणून बसवूही नका. मांड्यांमधला पट्टा नसेल तर धडकेत माणूस कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि तो पट्टा पोटात रुततो. शिवाय गाडी उलटून छत दबलं तर साध्या पट्ट्यातला माणूस बाजूला कलतो, हार्नेसमधला ताठ बसलेलाच राहतो. पिंजरा, रेसिंग सीट, सहा बिंदूंचे पट्टे आणि हान्स हे सगळं एकत्रच येतं. तेवढं करायचं नसेल तर कंपनीचा पट्टा, मापाचं एसए हेल्मेट आणि बेताचा वेग ठेवा. करायचं असेल तर हान्स नवं घ्या, आपल्या मानेच्या मापाचं आणि सीटच्या कलानुसार योग्य कोनाचं. सलून कारला बहुधा वीस अंशांचं लागतं, मागे रेललेल्या फॉर्म्युला कारला जास्त. वापरलेल्याच्या दोऱ्यांना किती वर्षं झाली आणि ते कोणत्या अपघातातून गेलंय, हे मित्राच्या मित्राला विचारून कळणार नाही.

धडक झाल्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दलही बापाला माहीत असावं. ती मान दुखते म्हणाली, हातापायांना मुंग्या येतात म्हणाली किंवा गोंधळलेली दिसली, तर तिला उठवू नका आणि हेल्मेट ओढून काढू नका. काच उघडा, श्वास बघा, एकाने दोन्ही बाजूंनी हेल्मेटसकट डोकं स्थिर धरावं आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. हेल्मेट काढायला दोन शिकलेली माणसं लागतात, एक मान धरायला आणि एक हेल्मेट सरकवायला. श्वासच अडला असेल तर मात्र थांबता येत नाही, आणि म्हणूनच कोणत्याही ट्रॅकवर पैसे भरण्याआधी हे येणारा मार्शल आणि रुग्णवाहिका तिथे आहे का, हे विचारा. ती उठून चालली, पण नंतर डोकं दुखतंय, मळमळतंय, उजेड सहन होत नाही किंवा तोच प्रश्न परत परत विचारतेय असं दिसलं, तर त्या दिवशी पुन्हा कार्ट नाही. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पुढच्या शनिवारीही नाही. मेंदूला हादरा बसलेला असताना दुसरा हादरा बसणं पहिल्यापेक्षा फार वाईट असतं.

नवं हेल्मेट घरी आलं की बाहेरचे दुकानाचे स्टिकर लगेच सोलू नका. तिला ते घालून अर्धा तास टीव्हीसमोर बसवा. काढल्यावर कपाळावर एकाच ठिकाणी लाल ठिपका दिसला आणि ती तिथेच दुखतं म्हणाली, तर आकार तिच्या डोक्याचा नाही, दुसऱ्या कंपनीचं बघा. गालांवर दोन्ही बाजूंना सारखी लाली असेल आणि ती फक्त घट्ट आहे म्हणून कुरकुरत असेल, तर ते ठेवा. डोक्याचं माप आणि हेल्मेटचं वजन इथे लिहिलंत तर मी बघून सांगेन.